ठोंब्याचे गुडघे

१

पाळणाघरात कुठलंही मूल कुठलीही गोष्ट पहिल्यांदा करत नाही. हा नियम आहे. पहिल्यांदा पालथं पडणं, पहिल्यांदा रांगणं, बोट सोडून पहिलं पाऊल टाकणं, हे सगळं घरीच होतं, आईच्या डोळ्यांदेखत. दुपारी ते मावशीच्या डोळ्यांदेखत झालं असेल, तर ते झालेलंच नसतं. मावशीने ते गिळायचं, संध्याकाळी मूल आईच्या हातात द्यायचं आणि एवढंच म्हणायचं, "आज नुसतं वारं भरलंय याच्या अंगात, लक्ष ठेव हं." दुसऱ्या दिवशी आई जिन्यातूनच सांगत येते, "मावशी, काल रांगला!" मग मावशीने दोन्ही हात गालांवर ठेवायचे. "काय सांगतेस! इतक्यात?"

हे हात गालांवर ठेवणं मावशीला चांगलंच साधलं होतं. तिचे यजमान आयुष्यभर बसमध्ये कंडक्टर होते, आता निवृत्त होऊन पाळणाघरातल्या मुलांचे आजोबा झाले होते. ते आतल्या खुर्चीतून हे सगळं ऐकायचे आणि आई गेली की म्हणायचे, "मी उभ्या जन्मात एवढी तिकिटं फाडली, पण वापरलेलं तिकीट पुन्हा विकायची छाती नाही झाली माझी."

"तुम्हाला नाही कळायचं," मावशी म्हणायची.

तिलाही ते एकदम कळलं नव्हतं. पाळणाघर काढायचं ठरवलं तेव्हा ती एका म्हातारीकडे सल्ला विचारायला गेली होती. तिचा स्वतःचा मुलगा लहानपणी त्याच म्हातारीकडे असायचा, कारण मावशी तेव्हा कापडाच्या गिरणीत नोकरीला होती. म्हातारीने सगळं नीट सांगितलं, दूध किती पातळ, दार कसं लावायचं, आणि शेवटी हा नियम सांगितला. "आईला नेहमी पहिली ठेवायची," ती हसत म्हणाली. "तुझंच बघ ना. लेक चालला म्हणून केवढी रडली होतीस दुसऱ्या दिवशी माझ्या दारात."

मावशीही हसली होती. घरी येईपर्यंत तिचं हसू उतरलं. मुलगा तोवर बापापेक्षा उंच झाला होता आणि दुसऱ्या शहरात राहत होता. त्याचं पहिलं पाऊल ती इतकी वर्षं जपून होती, आणि ते तिचं नव्हतंच.

त्यानंतर तिच्याकडे किती मुलं रांगली, उभी राहिली, चालली. प्रत्येकाचं पहिलं तिने पाहिलं आणि पोटात ठेवलं. आपलं गेलेलं ती दुसऱ्यांकडून वसूल करतेय, असं कुणी म्हटलं असतं तर तिला राग आला असता. पण संध्याकाळी एखादी आई आनंदाने सांगायला लागली की मावशीच्या मनात एक छोटासा गोड खडा विरघळायचा. तुला काय माहीत, असा.

२

ठोंब्या हे नाव आजोबांनी ठेवलं. पोरगं गुटगुटीत, गंभीर, आणि ठेवाल तिथे बसणारं. खेळणं लांब ठेवलं तर त्याच्याकडे बघत बसायचं, पण सरकायचं नाही. "याला मागून धक्का मारायला लागणार," आजोबा म्हणायचे. "बॅटरी उतरलीय."

त्याच्या बरोबरीची मुलं केव्हाच रांगून, धरून उभी राहायला लागली होती. मावशीला काळजी नव्हती. उशिरा उमलणारी मुलं तिने पुष्कळ पाहिली होती, आणि खरं सांगायचं तर वाट बघण्यात तिला मजा यायची. हा आज-उद्याकडे रांगेल. आधी पोटावर झुलेल, मग मागे सरकेल, चिडेल, आणि मग एक दिवस पुढे येईल. माझ्याकडे.

असंच एकदा त्याचा लंगोट बदलताना तिने त्याचे पाय नेहमीप्रमाणे घोट्यांना धरून वर केले आणि तिचा हात थांबला.

गुडघ्यांवरची कातडी जाड झाली होती. काळसर, खरबरीत, मधे बारीक चिरा. पावलांच्या वरच्या बाजूला, अंगठ्याजवळ, तसाच घट्टा. असे गुडघे मावशीला पाठ होते. दोन-तीन महिने घरभर रांगून काढलेल्या मुलाचे असे गुडघे असतात. न रांगणाऱ्या मुलाचे गुडघे लोण्यासारखे असतात.

तिने त्यावरून बोट फिरवलं. ठोंब्या तिच्याकडे शांतपणे बघत होता.

त्याची आई चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करायची. संध्याकाळी ती आली तेव्हा तिच्या बाह्यांवर पांढरी भुकटी होती. मावशीने मूल तिच्या हातात दिलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "घरी रांगतो का गं आता?"

"नाही हो मावशी. अजून नाही."

आणि ती हसली. जरा जास्तच पटकन, नजर मुलाच्या टोपीकडे वळवून. मावशीने ते हसू ओळखलं. ते तिचंच होतं. कित्येक वर्षं ती रोज संध्याकाळी तेच हसून दाखवत आली होती.

म्हणजे हा घरी रांगतो. महिनोन्‌महिने रांगतो, आणि ही माझ्यापासून लपवते. माझं मन राखायला. बिचाऱ्या मावशीला वाटू दे तिच्याकडेच पहिल्यांदा रांगला.

त्या दिवशी मावशीने भांडी जरा आपटूनच घासली.

"काय झालं?" आजोबांनी विचारलं.

"काही नाही. वापरलेलं तिकीट."

३

त्या दिवसांत बाकीची मुलं जेवणापर्यंतच असत. दुपारी दोघंच उरायची, ठोंब्या आणि चिमणी. चिमणी चांगली बोलणारी, चहाड्या करणारी, उद्या-परवाकडे शाळेत जाणारी मुलगी. दोघांना आतल्या खोलीत गाद्यांवर झोपवायचं, दार ओढून घ्यायचं आणि मावशीने स्वयंपाकघरात बसून कपड्यांच्या घड्या घालायच्या, असा क्रम होता. आजोबा तेव्हा खाली चौकात गप्पा मारायला जायचे.

थप, थप, थप, थप.

मावशीच्या हातातलं दुपटं तसंच राहिलं. ओला तळवा फरशीवर पडतो तसा आवाज. चार ठोके, दोन तळव्यांचे, दोन गुडघ्यांचे; तळव्याचा चपटा, गुडघ्याचा बोथट. मावशी नुसत्या आवाजावरून मूल ओळखायची. हे नवशिकं रांगणं नव्हतं. यात अडखळणं नव्हतं, दम खाणं नव्हतं.

आला चोर ताब्यात, असं मनाशी म्हणत ती उठली आणि मग पुन्हा थांबली. कारण त्या ठोक्यांच्या मधे मधे दुसरे ठोके होते. तेही चारच, तशाच क्रमाने, पण सावकाश आणि जड. थोडं पुढे जायचे आणि थांबायचे. हलके ठोके तिथवर पोचले की मग पुढे.

तिने दार उघडलं. ठोंब्या खोलीच्या मधोमध बसला होता, दोन्ही हात मांड्यांवर, पाहुणा म्हणून आलेल्या म्हाताऱ्यासारखा. गादी भिंतीपाशी होती. मधली सगळी फरशी मोकळी.

चिमणी जागी होती आणि भिंतीला अगदी चिकटून आडवी झाली होती.

"तू आणलंस का गं याला इकडे?"

"मी नाही. मी झोपलेय," चिमणी म्हणाली. मग उठली, आपली छोटी सतरंजी ओढत ओढत मावशीच्या पायांजवळून बाहेर गेली आणि स्वयंपाकघरात ओट्याखाली अंथरायला लागली.

"इथे कुठे झोपतेस? आत एवढी जागा आहे."

"तिथे दाटी होते."

मावशीने आत वळून पाहिलं. दोन गाद्या, एक कपाट, आणि बाकी सगळी खोली रिकामी. पोरांच्या बोलण्याला काही अर्थ असतो का? कपाट मोठं आहे, त्यामुळे तिला तसं वाटत असेल. आणि जड ठोके खालच्या मजल्यावरचे असतील. खाली रोज काही ना काही ठोकाठोक चालूच असते.

सगळी कारणं पटण्यासारखी होती. पण दिवसभर तिच्या मनाला वेगळंच काही टोचत राहिलं, आणि ते भय नव्हतं. ठोंब्या रांगतो, सफाईने रांगतो, आणि तो तिच्याकडे येत नाही, हे होतं.

४

दुसऱ्या दिवशी तिने आतली फरशी पुसली आणि वाळायच्या आतच ठोंब्याला तिथे ठेवलं. स्वतः स्वयंपाकघरात जाऊन बसली. चिमणी आपणहून ओट्याखाली गेली. थोड्या वेळाने आवाज आले. मावशी जागची हलली नाही. आवाज थांबल्यावरच ती आत गेली.

तिरपं ऊन फरशीवर पडलं होतं आणि त्यात सगळं स्वच्छ दिसत होतं. छोट्या तळव्यांचे ठसे, त्यांच्या मागे गुडघ्यांच्या पुसट रेघा. गादीपासून निघून ते खोलीच्या मधोमध आले होते. तिथे वळले होते. सरळ पुढे न जाता एका जागेला बाजूने वळसा घालून पलीकडे गेले होते, पुन्हा परत, पुन्हा वळसा. मधे एक पैस जागा कोरीच होती. बसलेल्या माणसाच्या मांडीभोवती मूल रांगतं, कधी पाठीमागून जातं, कधी पुढून येतं, तसे ते ठसे होते.

दुसरे कुठलेच ठसे नव्हते. मावशीने वाकून, बाजूने, ऊन समोर घेऊन पाहिलं. नव्हते.

मग तिने जे केलं ते तिचं तिलाही विचित्र वाटलं. ती त्या कोऱ्या जागेत मांडी घालून बसली. जागा बरोबर तिच्या मापाची होती, किंवा थोडी मोठी. तिने हात पसरले.

"ये. ये की रे राजा. मावशीकडे ये."

ठोंब्याने तिच्याकडे पाहिलं. आधी तिच्या तोंडाकडे, मग तिच्या मांडीकडे, मग पुन्हा तोंडाकडे. तो रडला नाही, हसलाही नाही. नेहमीच्या खुर्चीवर भलतंच कुणी बसलेलं दिसलं की माणूस सभ्यपणे जरा बाजूला थांबतं, ते उठेल म्हणून. तसा तो थांबला होता.

मावशीचे कान तापले. तिने त्याला उचललं, गादीवर ठेवलं आणि जरा दाबूनच पांघरूण घातलं.

"माझ्या घरात," ती पुटपुटली. कुणाला उद्देशून, ते तिने स्वतःला विचारलं नाही.

५

दाराच्या बिजागरीच्या बाजूला एक फट होती. मावशी एरवी चोरून बघणारी बाई नव्हती, पण आता ती दार थोडं लोटून त्या फटीला डोळा लावून उभी राहिली.

ठोंब्या गादीवर बसला होता. थोड्या वेळाने त्याचा चेहरा उजळला. हा चेहरा मावशीला ठाऊक होता. संध्याकाळी बेल वाजली की मुलांचे चेहरे असे होतात. तिच्याकडे पाहून मात्र कुणाचाच कधी झाला नव्हता, कारण ती कायम तिथेच असायची.

तो हातांवर आला आणि रांगत मधोमध गेला. तिथे थांबून त्याने दोन्ही हात पुढे, वर केले, मुठी मिटल्या आणि उभा राहिला.

मूल उभं कसं राहतं हे तिला पक्कं माहीत होतं. कपाट धरून, खुर्ची धरून ते स्वतःला वर ओढतं, आणि तसं ओढताना त्याचा सगळा भार मागे असतो. हातातलं सुटलं तर ते पाठीवर पडतं, म्हणून तर मागे उशी ठेवतात. ठोंब्याचा भार मागे होता. ढुंगण मागे, टाचा रोवलेल्या, हात ताणलेले, मुठी घट्ट. हातात काही नव्हतं. आणि तो पडत नव्हता.

गुडघ्यात वाकून तो खालीवर झुलायला लागला. खुदकन हसला.

इतका वेळ तिला भय वाटायला हवं होतं. पण पहिल्यांदा मनात आलं ते असं, की हे मला दाखवलं नाही. इतक्या दिवसांत उभा राहिला, हसला, आणि मला नाही दाखवलं. भय त्याच्या मागून आलं, थंड पाण्यासारखं, पायांकडून वर.

तिने दार ढकललं. ठोंब्या खाली बसला. तो पडला नाही. आधी गुडघे वाकले, मग ढुंगण अलगद फरशीला टेकलं आणि मगच हात खाली आले. झोपाळू मुलाला आई जपून खाली बसवते, आवाज होऊ देत नाही, तसं.

आजोबा घरी आल्यावर तिने सांगितलं, ठोंब्या उभा राहतो.

"मग चांगलं आहे की. बॅटरी चार्ज झाली."

"काही न धरता राहतो हो."

"कपाट धरलं असेल. तुझा चष्मा बदलायला झालाय. त्याच्या आईलाच सांग, चष्म्याच्या दुकानात आहे ती."

"मधोमध, अहो. खोलीच्या मधोमध."

आजोबांनी पेपर खाली घेतला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. "तू चिडलीयस की घाबरलीयस?"

मावशीने दुपट्यांच्या घड्या घालायला घेतल्या.

६

दोन दिवसांनी ठोंब्याची आई मूल घेऊन लगेच निघाली नाही. दारातच उभी राहिली, चपलेचा पट्टा लावत, पुन्हा काढत.

"मावशी, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार की."

"तुम्ही याला चालायला शिकवताय ना?"

मावशीने ठोंब्याची टोपी सरळ केली.

"मला माहितेय, पाळणाघरात सांगत नाहीत. माझ्या बहिणीनेच सांगितलं. मन राखतात आयांचं. पण गुडघे बघितलेत मी त्याचे. एवढी काही आंधळी नाही मी. घरी तो जागचा हलत नाही, मावशी. खाली ठेवला की दाराकडे तोंड करून बसतो. सुट्टीच्या दिवशी तर दिवसभर. इथे यायची वाट बघतो." तिने पट्टा सोडून दिला. "मी समोर बसते. हात पसरते. तर माझ्याकडे असा बघतो, जसं काही मी दुसऱ्या कुणाच्या जागेवर बसलेय."

मावशीने दाराची चौकट धरली.

"इतके दिवस काही बोलले नाही. तुम्ही विचारलंत रांगतो का, तेव्हा म्हटलं, बघा, किती सांभाळून घेतात मला. हसले आणि गेले. पण जळते हो मी. लोकांना दिसावं म्हणून दिवसभर काचा घासते, आणि माझ्या पोराचं मला काही दिसत नाही. तुमचा राग येतो. उगाच येतो, मला कळतं. पण येतो."

म्हणजे तिला वाटत होतं मावशी. मावशीला वाटत होतं ती. दोघी एकमेकींना सांभाळून घेत बसल्या होत्या, आणि मधल्या मधे पोरगं तिसऱ्याच कुणाच्या हाती उभं राहिलं होतं.

"मी नाही गं," एवढे तीन शब्द पुरले असते. आईने मूल छातीशी धरलं असतं आणि या जिन्यावर पुन्हा पाऊल टाकलं नसतं. मावशीने तोंड उघडलंही. पण तिने त्या मुलीच्या डोळ्यांत पाहिलं, आणि तिथे तिला ती स्वतःच दिसली. एवढ्या वर्षांत कुणी तिचा हेवा केला नव्हता. ज्या गोष्टीसाठी ती स्वतः जळत होती, तीच गोष्ट तिच्याकडे आहे असं समजून कुणीतरी जळत होतं. ते इतकं गोड लागलं की तिला राहवेना.

"हो, मीच," ती म्हणाली. "आता लपवून काय करायचं. माझ्या हाताला सवय आहे मुलांची."

आईने मान डोलावली, डोळे पुसले, हसली. "मग एक करा माझ्यासाठी. पाऊल नाही ना टाकलं अजून?"

"नाही. पाऊल नाही."

"उद्या मी अर्धा दिवस सुट्टी काढते. दुपारी येते. तुम्ही त्याला धरा, मी समोरून बोलावते. पहिलं पाऊल तेवढं माझ्याकडे टाकू दे. परवापासून तसाही तो येणार नाही, सासूबाई येतायत राहायला. मी आधी सांगणारच होते तुम्हाला."

"ये की," मावशी म्हणाली. "दुपारीच ये."

ठोंब्या आईच्या खांद्यावरून मागे बघत होता. मावशीकडे नव्हे. तिच्या पलीकडे, आतल्या खोलीच्या दाराकडे.

७

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्याबरोबर तिने चिमणीला आजोबांबरोबर बागेत धाडलं.

"या उन्हात?" आजोबा म्हणाले.

"झाडं आहेत तिथे. जा."

त्यांच्यामागे तिने बाहेरच्या दाराला कडी घातली. नुसतं ओढून घेतलं असतं तर आईने ढकललं असतं, आणि ती नेमकी त्या क्षणी आत आली असती. मग झालं असतं ते तिचं झालं असतं. ती आली की बेल वाजवेल. तोवर वेळ होता.

मावशीने ठोंब्याला आत नेलं, दार लावलं. या वेळी ती मधोमध बसली नाही. समोरच्या कोपऱ्यात जाऊन बसली, पाठ दोन्ही भिंतींना पक्की टेकवून. आता तिच्या मागे कुणी असणं शक्य नव्हतं. तो आला तर तिच्याकडेच आला असणार.

छताला मुलांसाठी कापडी पक्षी टांगले होते, पडल्या पडल्या बघायला. हवा नव्हती. पक्षी स्वस्थ होते.

ठोंब्याचा चेहरा उजळला. तो रांगत मधोमध गेला, त्याने हात वर केले, मुठी मिटल्या, उभा राहिला. इतक्या जवळून मावशीला त्याच्या मनगटांवरची वळीसुद्धा दिसत होती, आणि मुठीच्या आत बोटं पुरती मिटत नव्हती हेही. काहीतरी धरल्यावर राहते तेवढी पोकळी आत होती.

"इकडे," मावशी कुजबुजली. "इकडे ये. सोड त्याला. मी आहे ना इकडे."

ठोंब्याने मान वळवली. खूप दिवसांनी त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. मग तो सगळाच वळला, पावलं घासत, हात मात्र तसेच वर, मागून धरल्यासारखे. आता तो तिच्यासमोर होता.

एक मूठ उघडली. मग दुसरी.

तो डुलला. मावशीने हात पसरले, पण पुढे झाली नाही. पुढे व्हायचं नसतं. त्याने उजवं पाऊल उचललं, टेकवलं. डावं उचललं. तोंड उघडं, डोळे तिच्या डोळ्यांत, आणि मग उरलेलं सगळं अंतर एका दमात, पडत, धावत, तिच्या हातांत.

"माझ्याकडे आलास," ती म्हणाली. "माझ्याकडे आलास रे सोन्या, माझ्याकडे." त्याचं डोकं तिच्या हनुवटीखाली होतं, तापलेलं, घामेजलेलं, दुधाचा वास येणारं. ती रडत होती. गिरणीत असताना म्हातारीच्या दारात रडली होती, त्यानंतर अशी कधी रडली नव्हती.

आणि रडता रडताच तिला ते सुचलं. एवढी मुलं हाताखालून गेली आणि ही साधी गोष्ट तिच्या लक्षात आली नव्हती. चालायला शिकवणं एकट्याचं काम नसतं. त्याला दोघं लागतात. एकाने धरून सोडायचं असतं, आणि दुसऱ्याने समोर बसून हात पसरायचे असतात. इतके दिवस पलीकडे धरणारं होतं. समोर बसणारं कुणी मिळत नव्हतं, म्हणून पाऊल अडलं होतं.

ठोंब्याच्या डोक्यावरून तिने पाहिलं. खोली रिकामी होती. ऊन होतं, फरशी होती.

छताचे पक्षी हलले. मधले दोन बाजूला झाले, आणि बाजूलाच राहिले.

इतके दिवस ते बसलेलं होतं. मुलाला शिकवायचं तर मुलाएवढं खाली यावं लागतं.

बाहेर बेल वाजली. "मावशी, मी आलेय." कडी खडखडली. "मावशी? दार का लावलंय? झोपलात का?"

हाक मारली असती तर आवाज गेला असता. पण हाक मारायची तर सांगावं लागलं असतं, आणि ते पाऊल आता तिचं होतं. मावशीने ओठ मिटले आणि मिठी घट्ट केली. ठोंब्या तिच्या मिठीत वळवळला, वळून बसला. त्याने मान मागे टाकली, वर, पक्ष्यांच्याही वर पाहिलं आणि दोन्ही हात उंच केले. कडेवर घे म्हणताना मुलं करतात तसे.

"नाही," मावशी म्हणाली. "माझ्याकडे चालत आलाय तो."

तिचे हात होते तिथेच होते. बोटं एकमेकांत गुंतलेली, पाठ भिंतीला. फक्त हातांतलं वजन कमी होत चाललं होतं. हिसका नाही, ओढाताण नाही. एकीच्या मांडीवर दमून विसावलेलं मूल दुसरी कुणी सवयीने, अगदी हळूच उचलून घेते, तसं.